डॉक्टरांच्या जीपचा पंप

माझा स्वभाव जळका आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं लपवलं. लहानपणी भावाच्या ताटात जरा मोठी भाकरी पडली तरी माझ्या पोटात दुखायचं. पण एखाद्या माणसावर रोज उठून, दात घासल्यापासून जळायचं म्हणजे काय, ते मला बारामतीत मामाच्या गॅरेजात कळलं. आणि तेही एका पंपापायी. पंप म्हणजे रस्त्यावरचा नव्हे. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला पोचवणारा, मुठीत मावेल एवढा.

मी चौदाव्या वर्षी वडगाव निंबाळकरहून मामाकडं आलो आणि अकरा वर्षं त्याच्या हाताखाली ऑइलात हात घातले. मामाला मूलबाळ नव्हतं. मोटार स्टँडच्या मागं पत्र्याची शेड, एक खड्डा, एक भाता, एक पोलादी ट्रंक भरून पाने, एवढं त्याचं राज्य. ते उद्या माझंच, असं सगळा बाजार म्हणायचा. मीही म्हणायचो, फक्त तोंडानं नाही. मामाचे हात अलीकडं कापायला लागले होते. चहाची बशी ओठापर्यंत नेताना निम्मा चहा धोतरावर. मी पुढं होऊन बशी धरायचो, आणि मनात हिशेब करायचो की आता फार दिवस नाहीत. वाईट वाटतं सांगायला, पण खरं आहे.

तेवढ्यात हा फौजी उपटला. मूळचा इंदापूरकडचा, लष्कराच्या वर्कशॉपमधून सुटून आलेला, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. मामानं त्याला ‘चार दिवस मदतीला’ म्हणून ठेवला. चार दिवसांचं वर्ष झालं. मामा मला हाक मारायचा, “ए, हिकडं मर जरा.” आणि त्याला म्हणायचा, “फौजी, जरा बघता का?” बघता का! अकरा वर्षांत माझ्या वाट्याला एकदाही ‘बघता का’ आलं नाही.

त्याचं सगळंच डोळ्यांत खुपायचं. कामाला बसण्याआधी तो फडकं अंथरून त्यावर पाने ओळीनं लावायचा. मी पाने मातीत टाकून काम करायचो आणि मग निम्मा वेळ शोधत बसायचो. आणि त्याचा तो डबा! पलटणीतून आणलेला, जर्मनचा म्हणजे अल्युमिनियमचा, चौकोनी, दुमडत्या दांडीचा, झाकणावर त्याचा नंबर कोरलेला. दुपारी त्यानं डबा उघडला की शेजारचा सायकलवालासुद्धा उठून बघायला यायचा. म्हणायचा, “काय ऐट हाय राव!” मी माझी भाकरी धुडक्यातून सोडून पाठ फिरवून खायचो. मामी तर कोरड्यास वाढताना त्याला एक पळी जास्त घालायची. “परमुलखातनं आलाय गं बाई,” म्हणायची. इंदापूर म्हणजे परमुलूख का? बारामतीपासून उभं आडवं दोन तासाचं अंतर!

दुसरी मोठी लढाई संपून दहाअकरा वर्षं झाली होती. लष्कराच्या जुन्या जीपा लिलावात निघाल्या होत्या आणि त्यातली एक इंदापूरच्या डॉक्टरांकडं होती. भीमेच्या काठच्या काळ्या रानात पावसाळ्यात दुसरी गाडी शिरायची नाही. हिची चारी चाकं ओढायची, म्हणून डॉक्टर पार आतल्या वस्त्यांवर पोचायचे. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांच्या ड्रायव्हरनं तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं आणि ब्लॉक तडकला. गुळाच्या ट्रकला दोर बांधून जीप आमच्या दारात आली. डॉक्टर मामाला म्हणाले, “मिस्त्री, मला चार पाय हवेत. माझे दोन पुरत नाहीत.”

तसलं इंजिन मिळणं शक्य नव्हतं. मामानं नीरेच्या अलीकडं उलटलेल्या एका विलायती मोटारीचं इंजिन उचललं. मागचा भाग पार चेपला होता, पण इंजिन ठणठणीत. जीपचा गिअरबॉक्स आणि मोटारीचं इंजिन यांचं लग्न लावायला मधे जाड प्लेट हवी होती. तिचं माप फौजीनं घेतलं, पुण्याहून ती कातून आणली, आणि कानस न लावता ती बसली. मला त्यात एखादं भोक चुकलेलं हवं होतं. सगळी भोकं एकदम बरोबर आली.

आमच्या गॅरेजात एक रीत होती. नवं इंजिन बसलं की नारळ फोडायचा, आणि पहिलं हँडल ज्यानं इंजिन बसवलं त्यानं मारायचं. अकरा वर्षांत मामानं मारलं होतं, आणि मामाचे हात कापायला लागल्यापासून मी. पंप अजून ठरला नव्हता, म्हणून पेट्रोलची बाटली बॉनेटच्या वर उंच टांगून तिची नळी कार्बोरेटरला जोडली होती. मी बाह्या सरसावल्या. मामानं हँडल उचललं, माझ्या पुढून नेलं आणि फौजीच्या हातात दिलं.

दुसऱ्या झटक्याला इंजिन बोललं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, आणि मागं जाऊन भात्यावर अशी लाथ हाणली की अंगठ्याचं नख महिनाभर काळं होतं.

त्याच संध्याकाळी मामीनं मला परसात बोलावलं. “तुझा मामा आषाढात गॅरेज एकाच्या हवाली करणार हाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “जीप कुणाच्या डोक्यानं चालतीय त्ये बघतोय. तू जरा डोकं थंड ठेव बाबा.” डोकं थंड! माझ्या तळपायापासून आग निघाली होती. पण एक कळलं. आता सगळं पंपावर होतं, कारण जीपचं तेवढंच काम उरलं होतं.

पंपाचं त्रांगडं असं होतं. जीपचा जुना पंप नव्या इंजिनाला बसत नव्हता. मोटारीच्या इंजिनाचा स्वतःचा पंप होता, इंजिनाच्या कुशीत बसणारा, इंजिन फिरलं की त्याच्याच जोरावर चालणारा. पण मोटारीत त्याच्या शेजारी मोकळी जागा होती. जीपमध्ये एक्झॉस्टचा पाइप त्याच्या अगदी चार बोटांवरून जात होता. पाइप तापला की पंप तापणार, आतल्या पेट्रोलची वाफ होणार, आणि वाफ झाली की पंप नुसताच फडफडणार. आम्ही त्याला ‘पंपानं हवा धरली’ म्हणायचो. गाडी जिथं असेल तिथं बसते आणि निवल्याशिवाय उठत नाही.

फौजीनं विजेचा पंप सुचवला. जुन्या बाजारातून तो एक घेऊनही आला होता. टिकटिक टिकटिक वाजायचा, घड्याळासारखा. “तात्या, ह्यो मागं टाकीपाशी बसवायचा,” तो मामाला म्हणाला. “तितं ऊन न्हाय, पाइप न्हाय. पेट्रोल थंडच ऱ्हातंय.”

“आणि बॅटरी बसली म्हंजे?” मी म्हणालो. “डॉक्टरांची जीप आठवड्यातनं दोनदा लोक ढकलून चालू करत्यात. बॅटरी मेली की तुमचा पंपबी मेला. इंजिनावरच्या पंपाला खाली बोटानं दाबायची दांडी हाय, चार वेळा दाबली की पेट्रोल वर. वस्तीवर बॅटरी चार्ज करायला कोण बसलंय? तुमची पलटण?”

मुद्दा खरा होता. फौजीनं मान हलवली. “व्हय, बॅटरीचं खरं हाय तुमचं,” म्हणाला. हे तर आणखीच वाईट! भांडला असता तर मला जोर आला असता.

डॉक्टर त्या दिवशी आले होते. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि मामाला म्हणाले, “मला यातलं काही कळत नाही. एवढंच सांगा, मे महिन्यात भर दुपारी अडलेल्या बाईला घेऊन निघालो तर ही मधेच बसणार नाही ना?”

मामा माझ्याकडं बघून म्हणाला, “आधी इंजिनावरचा लावू. इंदापूरला जाऊन येऊ. पास झाला तर ऱ्हाऊ दे.”

आता माझी लबाडी ऐका. मी आदल्या दिवशी इंजिन तासभर चालवून पंपाला हात लावून बघितला होता. हात ठेववेना. हवा धरणार हे मला शंभर टक्के माहीत होतं. शहाणा असतो तर तिथंच मामाला सांगितलं असतं. पण सांगितलं असतं तर विजेचा पंप बसला असता, टिकटिक वाजत राहिला असता, आणि गॅरेज त्या टिकटिकीच्या मागं गेलं असतं. म्हणून मी मामाला म्हणालो, “पहाटंच निघू, मामा. तुम्हाला ऊन सोसत न्हाय.” आणि निघण्याआधी पंपाला जुनं गोणपाट भिजवून गुंडाळलं, वरून सुतळी बांधली.

गार वाऱ्यात जीप सुसाट गेली. इंदापुरात स्टँडवर चहा घेताना मी फुटबोर्डवरची पाण्याची बाटली काढून गोणपाट पुन्हा भिजवलं. मामाला म्हणालो, रेडिएटर बघतोय. नऊच्या आत आम्ही परत दारात. मामानं बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, “चालतंय की रं.”

गाडीखाली थेंब थेंब पाणी गळत होतं. मामानं विचारलं, “पाणी कसलं ह्ये?” मी वाकून चाकाची हवा बघायला लागलो. फौजी उभा होता. त्यानं थेंब कुठून पडतोय ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. असा काही रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यानं पायातल्या चपलेनं ते ओलं मातीत पुसलं आणि म्हणाला, “रेडिएटर जरा वर आला असंल, तात्या. मी बघतो.”

मला वाटलं, हा आता मला मुठीत धरणार. दोन दिवस मी वाट बघितली. तो आपला पाने ओळीनं लावत राहिला. गोणपाट मी गुपचूप काढून टाकलं, कारण गाडीबरोबर ते दिलं असतं तर बिंग फुटलं असतं. गुरुवारी बाजार, गॅरेज बंद. मी वडगावला आईकडं जाऊन आलो. शुक्रवारी सकाळी डॉक्टर स्वतः येऊन जीप घेऊन गेले.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. बाराएकचं ऊन पत्र्यावर तडतडायला लागलं की माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र. काळं रान, मधे उभी जीप, मागं कण्हणारी बाई, आणि डॉक्टर बॉनेट उघडून बघतायत. कुणी इंदापूरचा ड्रायव्हर स्टँडवर दिसला की मी आडोशाला व्हायचो. एकदा वाटलं, डॉक्टरांना निरोप धाडावा, पंपावर ओलं फडकं टाकत जा. कागद घेतलासुद्धा. पण मग फौजी समोर पाने ओळीनं लावताना दिसला, आणि कागद तसाच खिशात चुरगळला. बाई गेली असती तरी चाललं असतं, असं मी म्हणत नाही. पण तिच्यासाठीसुद्धा मी तो कागद धाडला नाही, हे खरं आहे.

त्याच दिवसांत मला एक मौज दिसली. फौजी भाकरी धुडक्यात बांधून आणायला लागला होता, माझ्यासारखीच. मी सोडतोय होय! सायकलवाल्याच्या देखत म्हणालो, “काय फौजी, पलटणीची ऐट उतरली वाटतं? डबा मोडीत घातला का काय?”

तो हसला. “कामी आला कुठंतरी,” म्हणाला आणि कांदा बुक्कीनं फोडला. मला त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

मे संपता संपता डॉक्टर आले. जीपच्या हॉर्नचा आवाज ऐकून मी भात्याच्या आड सरकलो. ते उतरले आणि सरळ मामाकडं गेले. “मिस्त्री, परवा एकच्या उन्हात नदीकाठच्या वस्तीवरून अडलेल्या पोरीला आणलं. पहिलटकरीण. दीड तास सलग हाणली गाडी. एकदा म्हणून खोकली नाही! मुलगा झाला, दोघं बरी आहेत. पंप कुणी निवडला?”

मामानं माझ्याकडं बोट केलं. डॉक्टरांनी माझा ऑइलचा हात तसाच हातात घेतला. मामी दारातून बघत होती. सायकलवाला उठून आला. मी अकरा वर्षं ज्या घडीची वाट बघितली ती ही. फौजी खड्ड्यात उतरून कुठल्याशा ट्रकचं ऑइल सोडत होता. त्यानं मान वर करून नुसतं “शाब्बास” म्हटलं. मी छाती काढून खड्ड्याच्या काठानं त्याच्या डोक्यावरनं चालत गेलो.

डॉक्टर बाजारात गेले आणि मी जीपचं ऑइल बदलायला बॉनेट उघडलं. खरं तर मला तो पंप एकदा डोळा भरून बघायचा होता. माझा पंप!

पंप दिसेना. पाइप आणि पंप यांच्या मधे एक पांढरा पत्रा उभा होता. दोन बोल्टांवर, दोन्हीकडं बोटभर हवा सोडून, कडा ठोकून गोल केलेल्या. वाऱ्याच्या बाजूला त्याला असा बाक दिला होता की पंख्याची हवा थेट पंपावर पडावी. मी हात घातला. इंदापूरहून आलेली गाडी, पाइप लालबुंद तापलेला, आणि पंप कोमट. पत्र्यावर बोट फिरवलं तर खरखरलं. काजळी पुसली. खाली पलटणीचा नंबर होता.

अगागा! गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, सगळे नसताना तो बसला होता हितं. डब्याचं झाकण काढून, तळ कापून, ठोकून सपाट करून. चारचौघांत मिरवायचा तो डबा त्यानं माझ्या पंपाच्या आड घातला होता, आणि महिनाभर माझ्या टोमण्यांवर कांदा खाल्ला होता.

मला लाज वाटली का? वाटली असेल. पण खरं सांगू, आधी राग आला. तोंडात मारल्यासारखा राग. हा कोण मला वाचवणारा? मी मागितलं होतं? लबाडीसुद्धा याच्याशिवाय मला धड करता येऊ नये? मी त्याच्यावर इतका कधीच जळलो नव्हतो जितका त्या पत्र्यापुढं उभा राहून जळलो.

तरी मी मामाकडं गेलो. आयुष्यात एक बरं काम केलं असेल तर ते तेवढंच. मामा ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगून टाकलं, गोणपाट, पाणी, पत्रा, सगळं. माझं संपेपर्यंत तो माझ्याकडं बघतही नव्हता.

“मला ठावं हाय,” तो म्हणाला. “गाडी जायच्या आधी मी बॉनेट उघडलं न्हाय व्हय? मिस्त्री हाय मी, भजनीबुवा न्हाय. फौजीला इचारलं, ह्ये काय? तर म्हणला, पंप बरोबर निवडलाय त्यानं तात्या, बॅटरीचं त्याचंच खरं. जागा तेवढी वाईट हाय, आड पत्रा घातला की झालं. त्याला बोलू नगा.”

“मग त्यालाच द्या गॅरेज,” मी म्हणालो.

मामानं कमरेची गॅरेजची किल्ली सोडली आणि माझ्यापुढं धरली. हात कापत होते, म्हणून गाठ सुटायला वेळ लागला. “त्याला कशाला?” तो म्हणाला. “त्यो उद्या इंदापुरात झाडाखाली बसला तरी चार गाड्या म्होरं उभ्या ऱ्हातील. तुझ्याकडनं गॅरेज काढून घेतलं तर तू काय करशील?”

वाटलं, ती किल्ली त्याच्या तोंडावर फेकून वडगावची वाट धरावी. फेकली नाही. घेतली.

आषाढात फौजी गेला आणि इंदापुरात खरंच लिंबाच्या झाडाखाली बसला. त्या दिवाळीला मी पुण्याहून एक जर्मनचा चौकोनी डबा आणला, दुमडत्या दांडीचा, त्याला द्यायला म्हणून. मुद्दाम एका गिऱ्हाइकाचा ट्रक घेऊन इंदापूरची खेप काढली. लांबूनच दिसलं. झाडाखाली फडक्यावर पाने ओळीनं मांडलेले, आणि पुढं चार नव्हे, सहा गाड्या उभ्या. मी ट्रक न थांबवता पुढं नेला.

डबा अजून माझ्याकडं आहे. मी त्यात नटबोल्ट ठेवतो.